जुना फोर बाय फोर पिकअप रोजच्या वापराला घ्यायचाय? कोल्हापुरात हमखास विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दारात गेली आठ वर्षं डबल केबिनचा एक जुना फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारा) पिकअप उभा असतो. सकाळी पोरीला शाळेत सोडायचं, तिथून उद्यमनगर, शनिवार-रविवारी गगनबावडा रोडच्या आत असलेलं शेत, सगळं त्याच्यावरच. पंपावर डिझेल भरताना, टपरीवर, लग्नाच्या मांडवात कोणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतंच, “भावा, असलीच एक बघालोय, घेऊ काय?” तीच उत्तरं देऊन तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

मुळात रोजच्या वापराला असली गाडी घ्यावी का?

गेल्या पावसाळ्यात आत्ताची गाडी लांब उभी करून किती दिवस चिखलातून चालत जावं लागलं, ते बोटांवर मोजा. दोन्ही हातांची बोटं पुरली, तर पिकअपचा नाद सोडा. छोटी गाडी ठेवा आणि लागेल तेव्हा टेम्पो भाड्यानं सांगा, पैसे वाचतील. बोटं पुरली नाहीत, तर पुढचं वाचा.

शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड, गगनबावडा या बाजूला शेत किंवा घर असेल, मधे पाणंद असेल, आणि आठवड्यातून एकदा तरी मोटर, पाइप, खताची पोती किंवा वैरण न्यावी लागत असेल, तर हा पिकअप तुमचं काम करील. नुसता रंकाळ्याला चक्कर मारायला आणि रील काढायला हवा असेल तरी घ्या, पैसे तुमचे आहेत. फक्त मला विचारून घेतला असं घरात सांगू नका.

साधा टू व्हील ड्राइव्ह पिकअप निम्म्या कटकटीत मिळतो. फोर बाय फोर कशाला?

रिकाम्या पिकअपचं वजन पुढं असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, मोकळा असला की मागची चाकं जमिनीवर हलकीच टेकतात. काळ्या रानात पहिला पाऊस पडला की माती टायरच्या खाचांत थापून बसते, टायरचा गोटा होतो आणि गाडी जाग्यावर फिरते. माल भरलेला असेल तर साधा पिकअपही बराच तग धरतो. पण रोजच्या वापरात तुम्ही बहुतेक वेळा रिकामेच फिरणार. अशा वेळी पुढची चाकं ओढायला लागली की फरक पडतो.

जांभ्याच्या तांबड्या मातीचा प्रकार वेगळा. तिथं वरून घसरतं, पण खाली कठीण लागतं. चांगल्या टायरवर साधा पिकअपही निघतो. तेव्हा आधी आपल्या वाटेवरची माती कोणती ते बघा.

टू एच, फोर एच, फोर एल म्हणजे काय? आणि डांबरावर फोर का टाकायचा नाही?

टू एच म्हणजे फक्त मागची चाकं. फोर एच म्हणजे चारही चाकं, नेहमीच्या वेगाला. फोर एल म्हणजे चारही चाकं, पण जास्त ओढ आणि बैलगाडीचा वेग. उभा चढ, खोल चिखल, किंवा सुटलेला उतार इंजिनाच्या जोरावर धरून उतरायचा असेल तेव्हा तो लागतो. फोर एल टाकताना गाडी उभी करून न्यूट्रलला घ्यायची.

या जुन्या पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शिअल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) नसतो, ट्रान्सफर केस (पुढं-मागं ताकद वाटणारा डबा) दोन्ही शाफ्ट एकत्र जखडते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबून फिरतात. चिखलात हा फरक चाक घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून तो ताण शाफ्टला, क्रॉसला (शाफ्टच्या सांध्याला) आणि ट्रान्सफरच्या चेनला बसतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते. तरीही दामटली तर एक दिवस खालून मोठा आवाज येतो आणि मग खर्च.

आंबोलीला किंवा करूळ घाटात पावसात फोर टाकून जावं का, असं पुष्कळ जण विचारतात. ओलं झालं तरी डांबर ते डांबरच. टू एचमध्ये, दोन गिअर खाली, हळू जा. चार चाकांना ताकद मिळाली म्हणून ब्रेक जास्त लागत नाही, हे घाट चढताना विसरायला होतं आणि उतरताना आठवतं.

कुठलं मॉडेल घ्यावं?

आपल्याकडे जुन्या बाजारात खरे पर्याय चारच.

महिंद्रा बोलेरो कॅम्पर: २५२३ सीसीचं इंजिन, आवाज भरपूर, आरामाच्या नावानं बोंब. पण पार्ट तालुक्याच्या गावाला मिळतो आणि कुठलाही फिटर डोळे झाकून खोलतो. एक लक्षात ठेवा, बहुतेक कॅम्पर टू व्हील ड्राइव्ह असतात. मागं स्टिकर आहे म्हणून विश्वास ठेवू नका, वाकून पुढच्या ॲक्सलला शाफ्ट गेलाय का ते बघा.

महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे: २००७ च्या आसपास आली. स्कॉर्पिओचाच चेहरा, स्कॉर्पिओचेच बरेच पार्ट. बसायला कॅम्परपेक्षा कितीतरी बरी.

टाटा झेनॉन एक्सटी: २००९ ची, २.२ लिटर डायकॉर, १४० पीएस. ओढायला दमदार. पण पुढचा दिवा, आरसा, दाराचं हँडल असलं फक्त तिचंच काही तुटलं तर शोधत फिरावं लागेल याची तयारी ठेवा.

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस: २०१६ पासूनची, आंध्रातल्या श्री सिटीत बनते. चौघांत मोटारीसारखी चालते ती हीच. किंमत आणि पार्ट दोन्ही महाग, आणि लांबी ५.३ मीटरच्या घरात. तुमच्या गल्लीची लांबी-रुंदी आधी टेपनं मोजा.

माझ्या मते मात्र मॉडेलवर वाद घालत बसण्यापेक्षा ती विशिष्ट गाडी आजवर काय काम करत होती, याचा शोध घेण्यात वेळ घालवावा. खाणीवर, पवनचक्कीच्या साइटवर, रस्त्याच्या कंत्राटदाराकडे राबलेली भारी गाडी आणि एका डॉक्टरच्या शेतावर आठवड्यातून दोनदा गेलेली साधी गाडी, यात मी डोळे झाकून दुसरी घेईन.

गाडी बघायला गेल्यावर सुरुवात कुठून करायची?

बुडाखालून. बॉनेट शेवटी.

माझा पहिला पिकअप कोकणातून आलेला. रंग नवा, सीट कव्हर नवी, डॅशबोर्डला पॉलिश. “आंब्याच्या बागेत चालायची,” असं मालकानं सांगितलं आणि मी मान डोलावली. मार्च उजाडला, केबिन तापायला लागली आणि वास सुटला. माशांचा. बायकोनं दोन दिवस काही म्हटलं नाही, तिसऱ्या दिवशी मागच्या सीटवर धूपदानी ठेवली. मिस्त्रीकडे नेली तर त्यानं काही न बोलता छोटी हातोडी घेतली आणि चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) पुढून मागं टकटक करत निघाला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ आला आणि आवाज बदलला. भद्द. दुसऱ्यांदा मारली तेव्हा हाताएवढा पोपडा खाली पडला. त्यानं स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून गळत होतं, ते चासीच्या पोकळीत साचून आतून खात गेलं होतं. वरून काळा रंग एकदम झकास.

तेव्हापासून माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक हातोडी असते. मागच्या पाट्याचे हँगर, ॲक्सलच्या वर जिथं चासी कमानीसारखी उचललेली असते ती जागा, आणि डिझेल टाकीच्या आतली बाजू, इथं जरूर ठोकून बघा. बुडाला ताजा काळा रंग दिसला की मालकाला कारण विचारा. वेल्डिंगचा टाका दिसला तर कारण विचारायचीही गरज नाही, चहा घ्या आणि घरी या.

त्यानंतर हौद्याचं मॅट उचला. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) बिजागऱ्या आणि हौद्याचे कोपरे पोचलेले असतील तर दगड-मुरूम वाहिलेला आहे. क्लच, पाटे आणि मागचा डिफरन्शिअल यांनी काय भोगलं असेल, ते त्यावरून ओळखा.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसानं विचारलाच पाहिजे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. किती गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या ते आपण बघितलंय. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यात जातात, आणि दोन-तीन मालक बदलून परतही येतात.

सीट बेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा हातभर पट्टा सगळेच धुतात, गुंडाळीतला आतला भाग कोणी धूत नाही. तिथं मातकट रेघ दिसली की समजायचं. सीटचे बोल्ट आणि रूळ गंजलेले, पायाखालच्या गालिच्याच्या उलट्या बाजूला बारीक गाळ, डॅशबोर्डखाली वायरिंगच्या कनेक्टरांवर हिरवट थर, दिव्याच्या काचेच्या आत आडवी रेघ, या बाकीच्या खुणा. यातली एक सापडली तर योगायोग म्हणता येईल, दोन सापडल्या तर गाडी बुडालेली धरा.

आणि तेल. डिफरन्शिअलचा तेल भरायचा बोल्ट उघडायला सांगा, बोट आत घालून तेल तळहातावर घ्या. काळपट, मधासारखं दाट असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. हे पाणी नेहमी पुराचंच असतं असं नाही. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) चिखलानं बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणजे मालकानं गाडी पाण्यात घातली आणि नंतर तेल बदललं नाही. देखभालीची सवय कळायला एवढं पुरे.

फोर व्हील खरंच चालू आहे का, हे कसं तपासायचं?

डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे चाक फिरलं, असं नसतं. मातीची मोकळी जागा बघा. फोर एच टाकून सरळ शंभर मीटर जा, मग हळू वळा. कोरड्या मातीतही स्टिअरिंग जड व्हायला हवं आणि गाडीनं अडखळायला हवं. काहीच फरक जाणवला नाही तर पुढं ताकद जात नाही. मग टू एचला आणून थोडं मागं-पुढं करा. सुटायला वेळ लागला तर घाबरू नका, अजिबात सुटलं नाही तर भाव पाडा. फोर एलसुद्धा टाकून बघा, तो बहुतेक मालकांनी कधीच टाकलेला नसतो.

बटणावर चालणाऱ्या गाड्यांत ट्रान्सफरवर एक छोटी मोटर असते, जुन्यांत कुठं पुढच्या हबला व्हॅक्यूमच्या नळ्या असतात. दोन्ही वर्षानुवर्षं न वापरल्यानं जाम होतात. म्हणून गाडी घेतल्यावर महिन्यातून एकदा, पावसाळा असो नसो, किलोमीटर-दोन किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर टाकून चालवा.

किती किलोमीटर चाललेली चालेल?

मीटरवर काय दिसतं ते सोडा. क्लच-ब्रेकच्या पेडलांचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हर सीटची बसलेली कड बघा. सर्व्हिसची बिलं असतील तर सोनं. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा. विक्रेत्यानं तुम्ही यायच्या आधीच “गरम करून ठेवली” असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण उघडल्यावर धूर भसाभसा वर येत असेल तर इंजिनकामाचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

पिवळी पाटी की पांढरी?

कॅम्पर, झेनॉन अशा बऱ्याच गाड्या मालवाहू म्हणून नोंदलेल्या, पिवळ्या पाटीच्या मिळतात. व्ही-क्रॉस मुख्यतः पांढऱ्या पाटीवर. रोजच्या वापराला पांढरी केव्हाही बरी.

पिवळ्या पाटीला पासिंग (आरटीओची गाडीची तपासणी) लागतं: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दर वर्षी. आठ वर्षांनंतर पर्यावरण करही येतो. खासगी गाडीला नोंदणी १५ वर्षांची, पर्यावरण करही तेव्हापासून. एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, तेवढीच एक कटकट कमी. पासिंग संपलेली गाडी “करून देतो की” या बोलीवर घेऊ नका. आधी पासिंग, मग पैसे.

पिवळ्या पाटीला वेगळं लायसन्स लागतं का?

साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरतं. ७५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनाला वेगळी नोंद लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं ते कायम केलं. विमा एजंट अजूनही घाबरवतात.

१५ वर्षं झालेली गाडी घेतली तर भंगारात काढायला लावतील का?

दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदीची बातमी दिल्ली आणि आसपासची असते, ती कोल्हापूरला लावू नका. इथं खासगी गाडी तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी पुन्हा नोंदवता येते. नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी, थकलेली ई-चलनं हे सगळं एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही बघा.

निपाणी-बेळगावची केए पासिंगची (कर्नाटकात नोंदलेली) गाडी स्वस्त मिळते. घेऊ?

स्वस्त का आहे ते आधी मोजा. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इकडचा कर, नवा नंबर, चकरा. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नोंदणी बदलणं कायद्यानं भाग आहे. हिशोब जमला तर घ्या, पण एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आरसी बुकावर पतसंस्थेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा तोंडी शब्द चालत नाही, संस्थेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याची सही समोर बसून घ्या.

शहरात चालवायला त्रास होतो का?

होतो. महाद्वार रोडला सणाच्या दिवसांत मी नेतच नाही. गंगावेशीत एकदा समोरून उसाची ट्रॉली आली तेव्हा अर्धा तास मागं घेत होतो आणि एक आजी फुटपाथवरून मला स्टिअरिंग कसं फिरवायचं ते सांगत होत्या. बरोबर सांगत होत्या. मागचा कॅमेरा बसवून घ्या, चैन म्हणून बघू नका. राजारामपुरीत गाडीला जागा मिळते, पण हौद्याचं ढुंगण रस्त्यावर राहतं.

ॲव्हरेज काय देते?

माझी गावात दहाच्या आसपास, हायवेला बारा-तेरा. जास्त सांगणारा एक तर विकतोय, नाही तर नुकतीच घेतलीय.

रिकामी असली की मागं फार उसळते. पाटे काढून टाकू का?

पाटे माल पेलायला असतात, त्यातला एक काढला की गाडी मऊ होते आणि पहिल्याच सिमेंटच्या पोत्यांना मागं बसते. त्याआधी टायरची हवा बघा. माल भरायच्या हिशोबानं भरलेली हवा तशीच ठेवून लोक वर्षभर फिरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर रिकाम्या गाडीची वेगळी हवा लिहिलेली असते, तेवढी ठेवा. शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या सांध्याचे) बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर बदला. माझ्या गाडीची निम्मी उसळी तिथंच गेली.

चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढं नवे आणि मागं गोटा असं असलं की फोर टाकल्यावर सरळ रस्त्यावरही शाफ्टला ताण बसतो. आणि पैसे थोडे असतील तर लाइटबार, स्टीलचा बंपर, स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) हे सगळं राहू दे. आधी टायर.

पुराच्या पाण्यातून जाईल ना?

साचलेलं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल आणि खालचा रस्ता रोज पायाखालचा असेल तर पहिल्या गिअरला, न थांबता. वाहत्या पाण्यात घालू नका, कितीही कमी दिसलं तरी. पुलावरून पाणी गेलं की चार चाकं काही करत नाहीत, गाडीच तरंगायला लागते.

मागं माणसं बसवून जोतिबाला नेली तर चालतं का?

नाही. हौदा मालासाठी आहे. त्या चढाला आणि वळणांना मागं उभं राहिलेल्या माणसाला धरायला काही नसतं, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. मी नाही म्हणतो म्हणून दोन पाहुणे माझ्याशी बोलत नाहीत. कपाट हलवायचं असलं की मात्र त्यांचाच फोन येतो, “दादा, रविवारी गाडी मोकळी हाय न्हवं?”